नवऱ्याला विचारून

(दुबईतलं ऑफिस सुटलंय. शारजाच्या वाटेवर गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली. स्टिअरिंगवर सुजीत, शेजारी त्याची बायको आभा.)

आभा : ...आणि टाळ्या सगळ्यात जोरात मीच वाजवल्या. तळहात अजून झोंबतायत.

सुजीत : रोशन चांगला पोरगा आहे गं.

आभा : चांगला आहे म्हणून तर जास्त जळते मी. वाईट असता तर नावं ठेवून मोकळी झाले असते! त्या हॉस्पिटलचं सगळं प्लॅनिंग माझं, क्लायंटची बोलणी खाल्ली मी, आणि प्रोजेक्ट हेड म्हणून अबुधाबीला जाणार तो. आला तेव्हा शेड्यूल वाचायला मी शिकवलं होतं त्याला. केक कापताना 'थँक्यू मॅडम' म्हणाला ना, तेव्हा वाटलं, त्याच्या हातातून सुरी हिसकावून घ्यावी.

सुजीत : जाऊ दे. तसंही तुला झेपलं नसतं. आठवडाभर साइटवर मुक्काम, घरी फक्त शनिवार-रविवार.

आभा : मुक्काम? मुक्कामाचं मीटिंगमध्ये कुणी बोललंच नाही.

सुजीत : असंच, अंदाजाने म्हटलं.

आभा : तू परचेसमध्ये आहेस. तुला कुणी सांगितलं?

सुजीत : हा बघ, मध्येच घुसतोय. यल्ला हबीबी, सरक ना पुढे!

आभा : सुजीत. कुणी सांगितलं?

सुजीत : हारुनसरांनी. मागच्या आठवड्यात चहाला बोलावलं होतं. म्हणाले, आभाला हेड करायचा विचार आहे, घरून काही अडचण नाही ना?

आभा : हेड करायचं मला, आणि विचारलं तुला.

सुजीत : रिस्पेक्ट म्हणून विचारलं गं.

आभा : तू काय म्हणालास?

सुजीत : म्हटलं... तिलाच नकोय. मुलगी लहान आहे.

आभा : इरा नववीत आहे! जवळ घ्यायला गेले तर 'आई, प्लीज, स्पेस' म्हणते ती मला. आणि मी दुपारभर डोकं धरून बसले होते, आपल्यात काय कमी पडलं म्हणून.

सुजीत : तुझ्यात कमी? तू बोलायला लागलीस की क्लायंट पुढे सरकून ऐकतात. मी बोललो की फोन काढतात. अकाउंट्समधला यहया मला पॅन्ट्रीत काय म्हणतो, ठाऊक आहे? 'मिस्टर आभा'. सगळे हसतात, मीही हसतो. उद्या माझ्या प्रत्येक ऑर्डरवर तुझी सही लागली असती. नाही सहन झालं मला. बस.

आभा : मग हे मला का नाही सांगितलंस?

सुजीत : तू समजून घेतलं असतंस. तेच नको होतं.

आभा : समोर बघून गाडी चालव. मी फोन लावते... हॅलो हारुनसर, आभा बोल रही हूँ. अबुधाबी के लिए मैंने मना नहीं किया था. मुझसे किसी ने पूछा ही नहीं.

हारुन : अरे! लेकिन सुजीत ने तो... देखो आभा, अब खलास. रोशन का नाम क्लायंट को चला गया. अगली बार, इन्शाल्ला. सुजीत से बात करके बता देना मुझे.

आभा : रोशन की बीवी से पूछा था, सर?

हारुन : कल सुबह केबिन में आओ. बैठके बात करते हैं.

आभा : आऊँगी. अकेली.

सुजीत : स्पीकरवर कशाला ठेवलास?

आभा : तुझ्याबद्दलचं बोलणं होतं, तुझ्यासमोर केलं. तसंही करता येतं.

सुजीत : रोशनला काढतील?

आभा : काढू नये. त्याने काही नाही केलेलं.

सुजीत : आभा... खरं सांगू? तू हेड झाली असतीस ना, तर मला अभिमानच वाटला असता. लगेच नाही. काही दिवसांनी.

आभा : तेवढे दिवस मी थांबले असते रे.