दत्तूच्या बदल्यात

तुम्ही दत्तूबद्दल विचारायला आलात, माझ्याबद्दल नाही, हे मला दारातच कळलं. क्लबच्या स्मरणिकेत वहिनीनं दिराच्या आठवणी सांगायच्या. सांगते. पण आधी माझं ऐकावं लागेल, कारण मी नसते तर दत्तू तुमच्या क्लबात आलाच नसता.

माझं नाव शालन. जन्म नारायण पेठेतला. वडील क्लबच्या मैदानावर शिपाई, म्हणजे सकाळी मैदान झाडायचं, पाणी मारायचं, फक्कीनं रेघा आखायच्या आणि सभासदांचे चहाचे कप विसळायचे. त्याबद्दल मैदानामागची एक खोली राहायला. चौथीनंतर माझी शाळा सुटली, कारण आई गेली आणि भाकऱ्या कोणी थापायच्या? बास्केटबॉल मात्र सुटला नाही. दारातच मैदान, सुटणार कसा? मुलींची टीम होती आमची, संध्याकाळी पाच ते सहा मैदान आमचं. बाकीच्या कॉलेजातल्या, मी शिपायाची, पण अडलं की सगळ्या ओरडायच्या, शालनला दे, शालनला दे. मी लांबून टाकायचे आणि चेंडू रिंगला न लागता आत जायचा. फुशारकी नाही मारत, खरं होतं म्हणून सांगते.

पुरुषांची टीम मात्र दरवर्षी फायनलला हरायची, कॅम्पातल्या क्लबाकडून. पानशेतचा पूर येऊन गेल्यानंतरची गोष्ट ही. तिकडे हा दत्तू खेळायचा, इथला लोणीचाच, दारातून वाकून शिरावं लागे एवढा उंच. आपल्या लोकांनी डोक्यात घेतलं, दत्तू आणायचा. सेक्रेटरी होते, त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणायचे. रोज संध्याकाळी आमच्या खोलीसमोर खुर्च्या टाकून खलबतं, आणि मी सगळं ऐकायचे, चहा मीच करत होते ना.

क्लब बदलायचा तर जुन्या क्लबाचं ना-हरकत पत्र लागायचं. कॅम्पवाले म्हणाले, देतो, पण तुमचे ते दोन उंच खेळाडू आम्हाला द्या. दिले. त्यांना विचारलं? छे. मग ते म्हणाले, आम्हाला सरावाला जागा कमी पडते, तुमच्या मैदानावरचा एक तास द्या. कोणाचा द्यायचा? मुलींचा. मी चहा देताना वकीलसाहेबांना विचारलं, आम्ही कधी खेळायचं? तर म्हणाले, सकाळी खेळा की, तब्येतीला चांगलं. सकाळी कॉलेज सोडून कोण येणार, आणि मला पाणी भरायचं असायचं. टीम मोडली. कोणाला वाईटसुद्धा वाटलं नाही.

बरं, आता तरी दत्तू यावा? नाही. त्याची आई अडून बसली. वकीलसाहेब स्वतः लोणीला आले, गुऱ्हाळावर रस प्यायले आणि तिच्या अटी ऐकून घेतल्या. दत्तूला नोकरी द्या. एका सभासदाच्या छापखान्यात दिली. मग म्हणाली, पोरगं शहरात गेलं की आपलं राहत न्हाय, माझ्या थोरल्याचं लगीन व्हायचं हाय, तुमच्यातली एक पोरगी आमच्या घरात द्या, मंजी तुमी बी बांधलेले. झालं, क्लबात नवरी शोधणं सुरू. सभासदांच्या लेकी होत्या की, पण त्या शेणानं सारवलेल्या घरात कशा जाणार? मग शिपायाची लेक आठवली. जातही जुळत होती, तेच माझ्या मुळावर आलं.

वकीलसाहेब वडिलांना म्हणाले, काय सखाराम, स्थळ चालून आलंय, बागायत आहे. वडील म्हणाले, पोरीला विचारतो. तर म्हणाले, विचार ना, आणि खोलीचं काय करायचं तेही विचार, कमिटीत विषय निघालाय. वडिलांनी मला काही विचारलंच नाही, खोलीच्या आढ्याकडे बघत बसले. मी म्हटलं, मी नाही म्हणाले तर? म्हणाले, मग उद्यापासून कुठं झोपायचं ते तू सांग.

काय सांगू तुम्हाला, लग्नात वकीलसाहेबांनी फेटा बांधला होता.

नवरा माणूस वाईट नव्हता. त्याला सांगितलं होतं, पुण्याची पोरगी आपणहून तयार झालीय. पुढे खरं कळल्यावर म्हणाला, मला ठाऊक असतं तर मी न्हाईच म्हटलं असतं. मी म्हटलं, तुम्हाला तरी कोणी विचारलं होतं का? म्हणाला, न्हाय. मग काय, दोघं उठलो आणि उसात खुरपायला गेलो.

आणि दत्तू? एक फायनल जिंकून दिली, त्याचा फोटो टांगलाय ना तुम्ही, आणि लगेच मुंबईच्या कंपनीची नोकरी आली, गेला निघून. वकीलसाहेबांनी ना-हरकत पत्र हसत हसत दिलं, म्हणे मुलाचं भलं होतंय. ते दोन खेळाडू परत आले नाहीत. मुलींचा तास परत आला नाही. मी तर ही इथे बसलेय.

परवा तुमच्या क्लबात त्याचा सत्कार झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं, हातात नारळ दिला. हा माईकवर म्हणतो, मला आणायला क्लबाला एक पैसा लागला नाही, मी निव्वळ प्रेमापोटी आलो. टाळ्या! पैसा नाही लागला, खरंय हो. लागला असता तर कोणीतरी हिशेब तरी विचारला असता.

जिना उतरताना मीच त्याचा हात धरला, गुडघे गेलेत त्याचे. तिथेच म्हटलं, दत्तू, मीपण खेळत होते. तो थांबला. म्हणाला, वहिनी, तुम्ही? काय खेळायचात? इतकी वर्षं माझ्या हातचं जेवला, आणि त्याला खरंच माहीत नव्हतं.

जगू दे त्याला शंभर वर्षं, माझं काही म्हणणं नाही. पण त्याच्या फोटोखाली लिहा, याच्या बदल्यात क्लबानं दोन खेळाडू, मुलींचा एक तास आणि शालन दिली. कमिटी छापणार नाही म्हणता? मला माहीत आहे नाही छापणार. तरी लिहा, आत्ता, माझ्यासमोर. आणि कागद इकडे करा. चौथी झालीय माझी, माझं नाव नीट लिहिलंय का ते मी बघणार.