आधी ठसा, मग तेल

कारागीर : कानस नव्हे, कुऱ्हाड चालवलीय यावर. माझ्या वडिलांनी असलं लाकूड अंगणातसुद्धा येऊ दिलं नसतं.

डॉक्टर : पण मुठीवर ठसा त्यांचाच आहे, पानाचा. माझ्याकडच्या बाकीच्या तीन धनुष्यांवरही हाच आहे.

कारागीर : ठसा काय, कोणीही मारतो. ही वरच्या बाजूची गाठ बघा. शहाण्या माणसानं हे लाकूड बघून पुढचा रस्ता धरला असता. यानं गाठीभोवती उंचवटा सोडलाय, जसं काही फार मोठं डोकं चालवलंय. आणि खालची बाजू ताठ. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत, एवढंही गाढवाला कळत नव्हतं.

डॉक्टर : मी दातांची डॉक्टर, मला त्यातलं काय कळणार. संग्रहालयाला तुमच्या वडिलांचं एक धनुष्य हवंय. ते म्हणाले, मुलाकडून दोन ओळी लिहून आणा, की हे त्यांच्याच हातचं. म्हणून तुमच्याकडे आले.

कारागीर : ठेवणार कुठे?

डॉक्टर : काचेच्या कपाटात.

कारागीर : वा. म्हणजे येणारे-जाणारे नाकाने कांदे सोलणार. काय ते जुनं लाकूड, काय ती कला. हल्ली जुन्याचं वेडच लागलंय सगळ्यांना. बाण मारायला चाकं लावलेलं नवं धनुष्य, त्याला भिंग, त्याला काटा, आणि दिवाणखान्यात शोभेला लाकडी धनुष्य. एकदा ओढायला सांगा. दोन दिवस खांद्याला मलम चोळत बसतील.

डॉक्टर : मी शोभेला ठेवत नाही. मी रोज मारते. सकाळी साठ बाण. जुन्या बाजारात हे मिळालं, त्याला चौदा वर्षं झाली.

कारागीर : यानं? घरात वडिलांची ती तीन असताना?

डॉक्टर : ती दिसायला देखणी आहेत. पण बाण सुटला की मनगटाला झटका बसतो, थेट कोपरापर्यंत जातो. मला दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात हात घालून काम करायचं असतं. हे झटका देत नाही. चाकांचं धनुष्यही वापरून पाहिलं. नेम चुकत नाही त्याचा, पण मग मी तिथे कशाला उभी आहे, असं वाटतं. हे मात्र रोज विचारतं, आज हात कसा आहे.

कारागीर : धनुष्य काही विचारत नाही, डॉक्टर. त्याला तोंड नसतं, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकतं. आणि एवढं लाडकं आहे तर देता कशाला?

डॉक्टर : द्यायचं तर चांगलं द्यावं. जिवावर येतंय, खोटं कशाला बोलू? पण त्यांचं सगळ्यात चांगलं काम लोकांना दिसायला हवं.

कारागीर : सगळ्यात चांगलं! हे!

बायको : चहा घ्या. अगंबाई, हे कुठून आलं परत?

कारागीर : तू आत जा.

बायको : आत काय जा? या गाठीपायी आठ दिवस धड जेवला नव्हतात तुम्ही.

डॉक्टर : म्हणजे?

कारागीर : तिला काही कळत नाही यातलं.

बायको : नाहीच कळत. पण मामंजी गेले, त्याच्या पुढच्या महिन्यात या खोलीत तेल जळाल्याचा वास कोंडला होता, तो अजून माझ्या नाकात आहे. मामंजी आधी ठसा तापवून मारायचे, मग लाकडाला तेल द्यायचे. यांनी तेल देऊन टाकलं आणि ठसा मारायचं डोक्यात आलं नंतर. पानाची कड बघा डॉक्टर. काळी, फुगलेली असेल.

डॉक्टर : थांबा, माझं भिंग काढते. हो, कड उठलीय. बाकीच्या तिन्हींची स्वच्छ आहे. मी इतकी वर्षं समजत होते, ओल लागली असेल.

कारागीर : झालं समाधान? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बावीस वर्षांचा होतो. वडिलांना हे दाखवलं, तर त्यांनी हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, चुलीत घाल. ते गेल्यावर माझ्या नावाला कुत्रंही विचारेना. मग मारला त्यांचा ठसा, आणि दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आलं. लाकडाकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं, पान बघितलं आणि घेऊन गेलं. तेव्हापासून चाळीस वर्षं मी तुम्हा लोकांना हसतोय.

बायको : लोकांना कसले हसताय? त्या दिवशी ठसा माळ्यावर टाकलात तो टाकलात. पण गाठीच्या लाकडालाही पुन्हा हात लावला नाहीत. नंतरची सगळी मामंजींसारखी. सरळ, देखणी.

डॉक्टर : आणि झटका?

बायको : तो त्यांना विचारा.

कारागीर : देतात.

डॉक्टर : हा घ्या कागद. लिहा.

कारागीर : आता काय लिहू? तुमच्या संग्रहालयाला हे चालायचं नाही.

डॉक्टर : जे आहे ते लिहा.

कारागीर : लिहितो. हे धनुष्य माझ्या वडिलांनी बनवलेलं नाही. ठसा खोटा. गाठ राखली ती मी. बास? की गाढव होतो, तेही लिहू?

डॉक्टर : ते राहू द्या. संग्रहालयाला बाकीच्या तिन्हींतलं एक देते, अस्सल. हे माझ्याबरोबर घरी येईल.

कारागीर : वा रे न्याय. बापाचं काचेत आणि चुलीतलं मैदानात.

बायको : चहा गार होतोय तुमचा.

कारागीर : होऊ दे. डॉक्टर, सकाळी किती वाजता असता मैदानावर?

डॉक्टर : सहाला. का?

कारागीर : काही नाही. खालची बाजू जरा ताठ राहिलीय. ओढल्यावर कशी वाकते, ते बघायला हवं.