सटवाईचा कोरा कागद

जबाब, दिनांक २० फेब्रुवारी २०२५

नाव वनमाला सटवा तांदळे, वय ४६ वर्षे, शिक्षण बी.ए., धंदा ग्रंथपाल, सार्वजनिक वाचनालय, राहणार मौजे हिवरखांब, ता. केज, जि. बीड.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते व बावीस वर्षांपासून वाचनालय सांभाळते. मला रोजनिशी लिहिण्याची सवय आहे. खाली दिलेल्या तारखा व वेळा त्यावरून दिल्या आहेत.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष मोहनराव यांनी माझ्याविरुद्ध दिलेला अर्ज आज मला वाचून दाखविण्यात आला. अर्जात दोन गोष्टी आहेत. एक, सटवाई वगैरे काही नसते, आणि मी मुलांना भुताखेतांच्या गोष्टी सांगून अंधश्रद्धा पसरविते, तरी माझ्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली कारवाई व्हावी. दोन, मी सटवाईकरवी कागद लिहवून घेऊन त्यांच्या पुतणीचे लग्न मोडले. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत. कोणत्या आरोपाचे उत्तर आधी देऊ, असे मी विचारले असता हवालदार आश्रुबा म्हणाले, "क्रमानं द्या मॅडम. आन् थोडक्यात द्या. जबाब हाय, कादंबरी न्हाई."

क्रमाने सांगते. जानेवारीपासून मी मुलांसाठी एक रहस्यकथा लिहीत आहे. दर शनिवारी एक प्रकरण हाताने लिहून वाचनालयाच्या फळ्यावर लावते. नियमित वाचक अकरा, वय नऊ ते तेरा. वर्तमानपत्राचे नियमित वाचक चार असून त्यांतले दोघे झोपतात.

गोष्ट अशी. बाळाच्या पाचवीला पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळद लावतात. सटवाई येते आणि बाळाचे नशीब लिहून जाते. सकाळी कागद कोराच दिसतो, कारण देवीचे अक्षर माणसाला वाचता येत नाही. काही आया तो कागद जन्मभर जपून ठेवतात. माझ्या गोष्टीत सटवाईचे पेन चोरीला जाते, आणि गावातला एक पुढारी तेच पेन घेऊन सगळ्या पोरींची नशिबे लिहू लागतो. बारवेतली भुते व एक मुलगी मिळून त्याचा छडा लावतात.

हा पुढारी उजव्या मनगटात सोनेरी घड्याळ बांधतो आणि दर वाक्याला "समजलं का" म्हणतो. हे पात्र आपल्यावरून घेतले, असे अर्जदाराचे म्हणणे आहे. लिहिताना माझ्या मनात ते होते काय, हे मी रोजनिशीत तपासले. होते. थोडे होते. त्याबद्दल मी दिलगीर आहे. ती दिलगिरीही थोडी आहे.

मी सटवाईला मानते काय, असे विचारले असता सांगते की, मला नक्की माहीत नाही. माझ्या वडिलांचे नाव नवसाने सटवा ठेवले होते, त्यामुळे पूर्ण नकार द्यायला अवघड जाते. बारवेत भुते नाहीत, हे मी मुलांना स्वतः सांगितले आहे. त्यांना वाईट वाटले. अर्जदाराने मात्र चौथे प्रकरण लागल्यावर बारवेवर नारळ फोडला व आपल्या गाडीला लिंबू-मिरची बांधली. तो खर्च माझ्यामुळे झाला, असेही अर्जात आहे.

प्रियदर्शनी ही अर्जदाराच्या धाकट्या भावाची मुलगी. वय तेरा, इयत्ता आठवी. वडील हयात नाहीत. माझ्या अकरा वाचकांखेरीज ती बारावी वाचक. दि. २७ जानेवारीपासून ती वाचनालयात आली नाही. शाळेतही नव्हती. माझ्या रोजनिशीत तेव्हापासून पंधरा वेळा "प्रि. आली नाही" अशी नोंद आहे. नोंद करण्याखेरीज मी काहीही केले नाही. याबद्दल अर्जात तक्रार नाही, म्हणून अधिक सांगत नाही.

दि. ८ फेब्रुवारी रोजी सकाळी तिची आई कौशल्याबाई मुलीचे पुस्तक परत करायला आल्या. अर्जदार तेव्हा तिथेच वर्तमानपत्र वाचत बसले होते. कौशल्याबाईंनी फळ्याकडे बघून मला विचारले, "बाई, गोष्टीतल्या त्या पोरीचं, सटवाईनं लिव्हलेलं खोडता येतंय का?"

अर्जदार हसले. "कौशल्या, ललाटीचं कुनी खोडत असतंय व्हय? समजलं का?"

मी म्हणाले, "खोडता येत नाही. पण तोच कागद पुन्हा कोणी पुढे ठेवला, तर सटवाई त्यावर नव्यानं लिहिते, असं गोष्टीत आहे."

कौशल्याबाई म्हणाल्या, "गोष्टीत हाय न्हवं," आणि गेल्या. त्या काय विचारत होत्या, हे मला त्या वेळी कळले नाही. अर्जदारालाही कळले नाही. आम्हा दोघांत मी शिकलेली आहे.

दि. १२ रोजी सायंकाळी सहा वाजता मुलांनी गोष्टीतल्याप्रमाणे वाचनालयाच्या मेजावर एक कागद व पेन ठेवले. मी परवानगी दिली. तो वहीतला रेघी कागद होता. मी कुलूप लावले. किल्ल्या दोन आहेत, एक माझ्याकडे व एक अर्जदाराकडे. मागच्या खिडकीचा एक गज २०१९ पासून नाही. तो बसविण्याचा ठराव समितीने तीन वेळा मंजूर केला आहे. त्या फटीतून मोठे माणूस जात नाही.

दि. १३ रोजी सकाळी आठ वाजता मी कुलूप उघडले. मेजावर रेघी कागद नव्हता. त्याच्या जागी चार घड्या पडलेला, पिवळट, जुना, बिनरेघी कागद होता. त्यावर निळ्या शाईत लिहिले होते: "प्रियदर्शनीचे लग्न रविवारी अकरा पस्तीसला गेवराईजवळ मामाच्या मळ्यात आहे. तिला नको आहे."

तो मी वाचला. किती वेळा, त्याची नोंद नाही. आठ वाजून वीस मिनिटांनी मी १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन केला, नंतर ग्रामसेवकांना केला. दोन्ही फोन मी केले, ते नाकारत नाही. रविवारी अधिकारी मळ्यात पोचले व लग्न थांबले. जेवण झालेले होते, असे समजते.

लग्नाची वेळ व ठिकाण घरच्या माणसांखेरीज कोणालाही माहीत नव्हते, असे अर्जदार स्वतः लिहितात. तेव्हा हे देवीचेच काम, किंवा माझे. आपल्या घरात आणखी माणसे राहतात, हा मुद्दा अर्जात आलेला नाही.

अक्षर माझे आहे काय, असे विचारले असता, नाही. माझ्या हस्ताक्षराचा नमुना मी दिला आहे. काल हवालदारांनी वाचनालयाच्या पायरीवर अकराही मुलांचे नमुने घेतले, तेव्हा मी हजर होते. अर्जदार मागे उभे राहून ओरडत होते, "नाव सांगा! ज्यानं लिव्हलं त्याच्या बापाला गावात ठेवत न्हाई, समजलं का?" आफ्रीन, वय दहा, हिचे वडील केजच्या बाजारात फळे विकतात. ती हवालदारांना म्हणाली, "साहेब, सटवाईनंच लिव्हलंय. कावून म्हणाल तर आमच्यात येवढं घाण अक्षर कुनाचंच न्हाई." एकाही मुलाचा नमुना कागदाशी जुळला नाही.

मी त्या मुलांना अक्षरे गिरवायला शिकविले आहे. म्हणून अक्षर कोणाचे ते ओळखता काय, असा प्रश्न मला तीन वेळा विचारण्यात आला. मी खोटे बोलत नाही. रोजनिशीतही बोलत नाही, आणि तिथे तर वाचणारे कोणी नसते. म्हणून विचार करून, शपथेवर सांगते की, हे अक्षर कोणा एकाचे नाही.

याहून अधिक माझ्या गोष्टीच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. त्यात बारवेतली भुते पुढाऱ्याविरुद्ध चिठ्ठी लिहितात, आणि पकडले जाऊ नये म्हणून एकेक अक्षर एकेक भूत लिहिते. अर्जदाराने अर्जासोबत फक्त चौथे प्रकरण जोडले आहे, ज्यात घड्याळ आहे. बाकीची कोणी मागितल्यास हजर करीन. आजपर्यंत कोणी मागितलेली नाहीत.

हे उत्तर टंकलिखित करताना हवालदार थांबले. नंतर म्हणाले, "माझी पोरगी तुमचं पाचवं प्रकरण कवा येतंय म्हणून डोकं खाती." वाचनालयाला अर्जदाराने दि. १७ पासून दुसरे कुलूप लावले आहे, तेव्हा फळा आत आहे, असे मी सांगितले.

मंगळवारपासून प्रियदर्शनी शाळेत जात आहे. शाळा सुटल्यावर ती वाचनालयाच्या बंद दाराच्या पायरीवर बसून वाचते. तिच्याकडील पुस्तक तिची आई परत करून गेली होती. ते मागच्या खिडकीच्या फटीतून बाहेर आले व मी पुन्हा तिच्या नावावर दिले आहे. कुलूप काढावे, ही माझी विनंती आहे. गज बसवू नये, हीसुद्धा.

कागदाविषयी शेवटचे. पंचनाम्यात "कागदाच्या चारही कोपऱ्यांना चहाचे जुने पिवळे डाग" असे नमूद आहे. मी तज्ज्ञ नाही. चहा चारही कोपऱ्यांवर अगदी सारखा सांडला असावा. त्यात दुरुस्ती सुचवायची आहे काय, असे हवालदारांनी विचारले. नाही, असे मी सांगितले. त्यांच्या घरीही, मुलीच्या जन्मापासून पेटीत ठेवलेल्या एका कागदावर असाच चहा सांडलेला आहे, असे ते म्हणाले. केज तालुक्यात चहा फार सांडतो, एवढेच मला यावरून म्हणायचे आहे.

चौकशी संपल्यावर तो कागद मला परत नको. ज्या पेटीतून तो आला, तिथे जावा.

हा जबाब हवालदार आश्रुबा यांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. चहापाशी त्यांनी आवाज थोडा वाढविला, कारण अर्जदार बाहेर बाकावर बसले होते. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. जे यात नाही, ते मला कोणी विचारलेले नाही. म्हणून सही करते.

वनमाला सटवा तांदळे