चाकं वर घ्यायची राहिली

हॅलो? …हो, इर्माच. हेल्वी, आधी ऐक, ओस्मो ठीक आहे. …ठीक म्हणजे ठीक गं. हातपाय धड आहेत, कपाळावर एक टेंगूळ. तुझा नवरा आत्ता आमच्या सॉनात शेकत बसलाय. …रेडिओवर काय सांगितलं ते सोड, मी धक्क्यावरच उभी होते…

हो, विमान पालथं. तव्यावरचं धिरडं उलटावं तसं.

नाही, इंजिन नाही, वाराही नाही. चाकं. …अगं ऐक ना. तुमच्या थंडर बेच्या धावपट्टीवरून उडताना चाकं लागतात, बरोबर? इथे तळ्यावर विमान होडीसारखं पाण्यावर टेकतं, त्याआधी ती वर घ्यायची. आमच्या कालेवीने घेतलीच नाहीत. मी खालून बघतेय, चाकं लोंबतायत. ओरडले, दोन्ही हात हलवले… त्याला वाटलं, बायकोला आनंद झालाय. त्यानेही हात हलवला.

…हो ना. चाकं पाण्याला लागली आणि गेलंच.

तीस वर्षं उडवतोय, विसरला कसा? तेच तर सांगतेय. आमच्या तळ्यावरची रीत ठाऊक आहे ना तुला? चालवणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, 'पाण्यावर उतरतोय, चाकं वर.' शेजारच्याने पंखावरच्या आरशात चाकं बघून म्हणायचं, 'वर आहेत.' …हो, शेजारी पाद्री बसलेला असला तरी. पण आज शेजारी कोण? ओस्मो. शिकारीत त्या मूस हरणाला गोळी कुणाची लागली यावरून सहा वर्षं अबोला. आधी बोलल्यासारखं होईल म्हणून आमच्या शहाण्याने तोंडच उघडलं नाही. आणि म्हणायचंच राहिलं तिथे करायचंही राहिलं.

थांब, पुढे ऐक. ओस्मोला आरशात चाकं दिसली होती. …दिसली होती गं. आत्ता स्वतःच कबूल केलं. म्हणे, मी आधी बोलणार नव्हतो.

…शिव्या नंतर दे. त्यांना एका विमानात कोंबलं कुणी? आपणच ना? बोलतील बिचारे, म्हणून. …अगं हेल्वी, विमान पालथं आणि एकही डोकं वर येईना. मला वाटलं, आपण दोघींनी मिळून मारलं त्यांना.

मग ओस्मो आला. एकटा. श्वास घेतला आणि परत खाली गेला. …हो, तुझा ओस्मो, ज्याला धड पोहता येत नाही. कालेवीचा पट्टा अडकला होता. चाकूने कापला आणि ओढत आणला त्याला.

पहिलं काय बोलले? कालेवी खोकत खोकत म्हणाला, 'चाकं…' ओस्मो म्हणाला, 'खाली होती.' …हस, हस. मीही हसले. मग रडले.

मघाशी विमान-अपघातांचा चौकशीवाला फोनवर होता. कालेवीने सांगून टाकलं, विमान माझ्या हातात होतं, चूक माझी. परवाना गेला तर गेला म्हणतोय. तर ओस्मो मध्येच, मला दिसलं होतं तेही लिहा. त्यावरून जुंपलीये आत, इथवर ऐकू येतंय.

…थांब, ओस्मो आलाय, टॉवेल गुंडाळून. ओस्मो, हेल्वी विचारतेय, उद्या बसने येतोस का? …नको म्हणतोय. कालेवी गाडीने सोडणार. …अगं सांगितलं मी, विमानाने पाऊण तास आणि गाडीने अख्खा दिवस. …तो म्हणतोय, दिवस कमीच पडेल, सहा वर्षांचं बोलायचं राहिलंय.

…हेल्वी? …अगं बोल की.

घे रे ओस्मो, धर. रडतेय ती.