चुलीत गेलेला बैल

मंडळी, ऐका! आज कीर्तनात आधी सरळ प्रश्न. ज्या खोट्यानं कुणाचं काही बिघडत नाही, उलट ऐकणारे खूश होऊन टाळ्या वाजवतात — त्या खोट्याचं पाप लागतं का हो? बोला की! एकमेकांकडं काय बघता! म्हणजे असलं एखादं प्रत्येकाच्या खिशात आहेच!

तर विट्याला दत्तोबा माळवदे नावाचे शिंपी होते. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणे. त्यांचा एकुलता एक मुलगा अरविंद — मोठा चित्रकार झाला! पुण्यात प्रदर्शनं, पेपरात फोटो, आणि छातीपर्यंत दाढी! दाढीशिवाय चित्र खपत नाही म्हणतात!

मग सुरू झाल्या मुलाखती. पहिलीच मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "घरून विरोध झाला असेल ना?"

अहो, विरोध कसला? पोराचं पहिलं चित्र — लाल बैल, तोही पाच पायांचा! — आण्णांनी खळ लावून दुकानात मशीनच्या वर भिंतीला चिकटवलं होतं! गिऱ्हाईक आलं की आधी बैल दाखवायचे, मग मापाला टेप काढायचे! पण अरविंदाला वाटलं, विरोध नाही म्हटलं तर आपण कलावंत कसले? म्हणाला, "झाला... थोडा."

झालं! पुढच्या मुलाखतीत 'थोडा' जाऊन 'वडिलांनी चित्र फाडलं' आलं. त्याच्या पुढच्या वेळी ते चित्र चुलीत गेलं! आणि टाळ्या काय विचारता! मग जिथं जाईल तिथं लोक म्हणत, "सर, ती चुलीची गोष्ट!" सांगून सांगून अरविंदाला स्वतःलाच धूर दिसायला लागला. आण्णांच्या कानावर यातलं काही नाही. डोळ्यांत मोतीबिंदू, पेपर वाचणार कोण? पेपरातल्या फोटोवरून नुसता हात फिरवायचे.

पुढं सांगलीला अरविंदाचा सत्कार ठरला. हजार माणूस, आणि मृण्मयीताई नावाच्या बाई मुलाखत घ्यायला. त्यांनी विचारलं, यानं सांगितलं! बैल, चूल, जाळ, आणि मध्ये एक पॉज — हो, पॉज कुठं घ्यायचा तेही ठरलेलं! सभागृहात पदर डोळ्यांना लागले.

आणि ताई म्हणाल्या, "सर, तुमच्यासाठी एक गंमत आहे. तुमचे वडील इथंच, पहिल्या रांगेत बसलेत! आण्णा, वर या!"

मंडळी! अरविंद पुढं वाकून बघायला लागला हो! दिव्यांच्या झोतात त्याला पहिली रांग दिसलीच नव्हती! संयोजक गुपचूप गाडी पाठवून म्हाताऱ्याला घेऊन आलेले. आता हा माणूस माईक हातात घेणार, 'असं काही झालंच नाही' म्हणणार, आणि हजार माणसांत आपली अब्रू जाणार! उठून अडवावं, तर आण्णा पायऱ्या चढून आलेसुद्धा!

ताईंनी विचारलं, "आण्णा, त्या दिवसाबद्दल आज काय वाटतं?"

आण्णा माईकसमोर आले. मग त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं. लेकराचं चित्र जाळायला नको हुतं. समद्यांची माफी मागतो."

सभागृह उठून उभं राहिलं! अरविंद रडला. त्याला वाटलं, बापानं आपली लाज राखली, आपल्यासाठी खोटं बोलला! काय पेटीवाले, तुम्हालाही तसंच वाटलं ना?

ऐका पुढं! कार्यक्रम संपला, बापलेक आतल्या खोलीत चहाला बसले. आण्णांनी बशी खाली ठेवली.

"अरू, एक इचारू? रागवू नगंस. ते चित्र मी जाळलं कवा रं? मला काय केल्या आठवंना. माझ्या ध्यानात, त्यो बैल मी भिताडाला लावलेला. पर तू एवढ्या मान्सांत सांगितलंस म्हंजी तसंच असणार. तू कशाला खोटं बोलशील?"

अहो! बापानं लाज राखली नव्हती! बापानं पोरावर विश्वास ठेवला होता! स्वतःच्या आठवणीला खोटं ठरवलं, पण पोराला नाही!

अरविंदानं पाय धरले. "आण्णा, नाही जाळलंत तुम्ही! मी खोटं बोललो! भिंतीलाच होतं ते!"

पण दाखवणार काय? दुकान रस्तारुंदीत गेलेलं, भिंत गेली, बैल गेला. आण्णांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "ऱ्हाऊ दे रं. म्हाताऱ्याचं मन राखतुयास. गुणाचा हाईस तू."

गळ्याची शपथ घेतली, नाही पटलं! गावी जाऊन शेजाऱ्यांकरवी सांगवलं, नाही पटलं! त्यांनाही पोरानंच शिकवून पाठवलंय म्हणाले! पुढं शेवटपर्यंत, कुणी अरविंदाचं नाव काढलं की आण्णा हात जोडायचे — "मी त्याचं चित्र जाळलं, बरं का." आणि तसेच गेले.

आता माना खाली घालू नका, माझ्याकडे बघा! आपण नाही सांगत? आईनं मला शिकू दिलं नाही, भावानं मला पुढं येऊ दिलं नाही, सासूनं कधी गोड शब्द दिला नाही! यातलं खरं किती, आणि आपण जरा मोठं दिसावं म्हणून रचलेलं किती? ते तुमचं तुम्हाला ठाऊक, आणि या गाभाऱ्यातल्याला ठाऊक!

ज्याच्या माथी असलं खोटं मारलंय ते माणूस अजून असेल, खरं काय ते अजून त्याला आठवत असेल, तर आरतीला थांबू नका. प्रसाद मी ठेवून देतो. पांडुरंग इथंच आहे, तो कुठं जात नाही. आधी घरी जा आणि त्या माणसाला सांगा. उठा!