दुसरं पातेलं

तय्यबा : ज्यांनी हा माफीनामा लिहिलाय त्यांनी माझा तास ऐकला नाही, विज्ञानाचं पुस्तक उघडलं नाही, आणि खाली सही मात्र माझी पाहिजे! भेकड आहेत. समोर यायची हिंमत नाही म्हणून तुम्हाला पाठवलंय, अण्णा.

अण्णा : मी संस्थेचा सेक्रेटरी म्हणून नाही आलो गं. याच शाळेत तुला जीवशास्त्र मी शिकवलंय. सही कर, सोमवारी तासावर जा. नाही केलीस तर सोमवारपासून यायचं नाही, असं ठरलंय.

तय्यबा : उत्क्रांतीही तुम्हीच शिकवलीत.

अण्णा : शिकवली. जिराफाची मान, माकडहाड. लिहिलं की चार मार्क. तू वर्गात देऊळ-मशीद काढलीस.

तय्यबा : दहावीतल्या ईशानीनं विचारलं, "मॅडम, माणूस मुळात चांगला की वाईट?" काय सांगू? धडा संपला, गप्प बस?

अण्णा : हो! तेच सांगायचं!

तय्यबा : मी खरं सांगितलं. माणूस टोळीनं जगत आलेला प्राणी. आपल्याला घास देतो, परक्यावर दगड उचलतो. दोन्ही अंगातच आहे. पण आपला कोण, परका कोण, हे जन्मताना कळत नाही. ते घरात शिकवतात, देवळात शिकवतात, मशिदीत शिकवतात.

अण्णा : झालं! एकाच दिवशी दोन तक्रारी. एक आळीतून, एक मोहल्ल्यातून. दोन्हीकडची माणसं पहिल्यांदा एका बाकावर बसून माझ्यावर ओरडली.

तय्यबा : बघा, बसता येतं एका बाकावर.

अण्णा : थट्टा नको. माझे वडील चैत्रात पाणपोई चालवायचे. येईल त्याला पाणी. तेही धर्मानंच शिकवलं ना?

तय्यबा : शिकवलं. माझे अब्बा जकातीच्या दानातून कुणाकुणाच्या घरी धान्य पोचवायचे, घराबाहेर कुणाला कळू न देता. हेही मी त्याच तासाला सांगितलं. ते कुणी तक्रारीत लिहिलं नाही.

(शाळेच्या शिपाई जनाबाई चहा ठेवतात आणि तिथंच उभ्या राहतात.)

अण्णा : जनाबाई, आम्ही बोलतोय.

जना : बोला की. आळी-मोहल्ला कानावर आलं, पुराचं बोलताय काय?

तय्यबा : नाही, पण बोलूच. दोन पावसाळ्यांपूर्वी नदीचं पाणी घरांत शिरलं, लोक या शाळेत राहिले. चूल तुमच्याकडे होती ना?

जना : माझ्याकडंच. दोन दिस एकच पातेलं. आळीतली काय, मोहल्ल्यातली काय, एका रांगंत खिचडी. तिसऱ्या दिशी अण्णा म्हणाले, जनाबाई, आता दोन चुली लावा.

अण्णा : लोकांच्या भावना असतात, जनाबाई.

जना : कसल्या भावना? ओल्या कपड्यात बसली होती बिचारी. मीठ कमी हाय, एवढंच बोलत होती.

तय्यबा : त्याच सकाळी माझ्या खलील मामूंनी मोहल्ल्यातून वेगळं पातेलं पाठवलं. मी विचारलं, कशाला? म्हणाले, अण्णांच्या लोकांना आपल्यासोबत जेवणं चालायचं नाही, उगाच त्यांना अवघड नको. आणि तुम्ही दोन चुली का लावायला सांगितल्यात, अण्णा?

अण्णा : ...मला वाटलं, त्यांना आपल्या हातचं चालणार नाही.

जना : म्हंजे तुमी त्यांचा मान राखला, त्यांनी तुमचा. आन् धूर माझ्या डोळ्यांत!

अण्णा : चांगल्या मनानं केलं मी ते.

तय्यबा : माहीत आहे. म्हणूनच भीती वाटते मला. दगड मारणारा ओळखू येतो. चांगल्या मनानं रांग तोडणारा ओळखू येत नाही. दुसऱ्या दिवशी पोरंसुद्धा न सांगता आपापल्या पातेल्यापुढं उभी राहिली. ईशानी त्यात होती. प्रश्न तिला तिथं पडलाय, पुस्तकात नाही.

अण्णा : लोक उद्या काहीतरी बोलले असते, तय्यबा. संस्थेला सांभाळून घ्यावं लागतं.

तय्यबा : "बोलले असते" यावर दोन चुली लावल्यात, आता "बोलतील" यावर माझी नोकरी घेताय. सही करणार नाही. सोमवारी पहिला तास माझा आहे, मी येणार. अडवायचं तर फाटकात उभं राहून तोंडावर अडवा.

अण्णा : मी काय सांगू त्यांना?

तय्यबा : त्यांचं राहू द्या. तुम्ही मला सांगा. दोन दिवस तीनशे माणसं एका रांगेत जेवली. त्यातल्या कुणी वेगळं मागितलं होतं? एक नाव सांगा, अण्णा.