ऐकल्याचं कार्ड

नामपल्लीला कानाच्या डॉक्टरांकडे मी नंबरची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक वयस्कर नवरा-बायको होते; बायको नवऱ्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं बोलत होती.

"त्रिवेणी, घरी कधी पोचणार? साडेसहाला ते आफ्रिकेचं स्टेशन लागतं. तेवढंच राहिलंय."

"घरात केबल आली तरी तुमचा रेडिओ काही सुटत नाही."

"काय ऐकलं ते लिहून पाठवलं की स्टेशनवाले कार्ड पाठवतात. कार्ड आलं की ते स्टेशन झालं, मग पुढचं."

"शेजारचे बिदरकर भाऊजी रोज तासतासभर रेडिओवर गाणी ऐकतात. त्यांच्याकडे एक कार्ड नाही."

"त्यांना त्याचा शौक नाही."

"बरं, डॉक्टरांना खरं सांगा. रेडिओ ऐकू येईना, त्याला किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून येत नाही."

"मग संक्रांतीनंतर पाठवलेल्या पत्रांची चार कार्डं कशी आली?"

"बिदरकरांनी ऐकून सांगितलं, मी लिहिलं. स्टेशनवाल्यांना काय फरक पडतो?"

"मी त्यांचं विचारत नाही."

"उगं परेशान करू नको. आपला नंबर का येईना अजून?"

"दोनदा पुकारला."